वाचकांचे प्रश्न : पायातली कडी आणि शरदातले प्रवासी

परतीचा पाऊस ओसरला की रंकाळा-कळंब्याच्या काठावर पाहुणे पक्षी दिसू लागतात आणि आमच्याकडे त्यांच्याबद्दलची पत्रं येऊ लागतात. या वेळी बहुतेकांनी एकच विषय काढला आहे : समुद्रकिनाऱ्यावरच्या केंद्रांत स्थलांतरी पक्षी जाळीत धरून त्यांच्या पायात कडी घालतात, ते नेमकं कसं आणि कशासाठी?

प्र. रंकाळ्याच्या काठावर चिखलात पळणाऱ्या एका छोट्या पक्ष्याच्या पायावर रंगीत पट्टी दिसली. फोटो अस्पष्ट आला आहे. कोणाला कळवायचं आणि काय लिहायचं?
— एक विद्यार्थी, शिवाजी पेठ

उ. अस्पष्ट असला तरी फोटो टाकून देऊ नका. ही पट्टी म्हणजे लेग फ्लॅग, प्लॅस्टिकची छोटी खूण. कोणत्या देशाने किंवा केंद्राने कोणते रंग वापरायचे हे ठरलेलं असतं. त्यामुळे अक्षरं वाचता आली नाहीत तरी नुसत्या रंगांवरून पक्षी कुठे धरला होता हे पुष्कळदा कळतं.

लिहिताना एवढं नक्की द्या : पट्टी कोणत्या पायात (पक्ष्याचा डावा-उजवा, बघणाऱ्याचा नव्हे), गुडघ्यासारख्या दिसणाऱ्या सांध्याच्या वर की खाली, दोन पट्ट्या असतील तर वरचा रंग कोणता आणि खालचा कोणता, पट्टीवरची अक्षरं-अंक, आणि दुसऱ्या पायात धातूची कडी आहे का. सोबत तारीख, वेळ, जागा आणि थव्यात किती पक्षी होते ते लिहा. ही माहिती बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे (बीएनएचएस, हॉर्नबिल हाऊस, मुंबई) पाठवा. भारतातल्या धातूच्या कड्यांवर याच संस्थेचं नाव असतं : ‘इन्फॉर्म बॉम्बे नॅट. हिस्ट. सोसायटी’ आणि पुढे क्रमांक. रशियातून आलेल्या पक्ष्याच्या कडीवर ‘मॉस्क्वा’ असं कोरलेलं आढळतं. तीही माहिती बीएनएचएसमार्फत पुढे जाते.

पक्षी पुन्हा दिसला तर एकच फोटो न घेता तो वळेल तसे दहा-वीस घ्या. धातूच्या कडीवरचा क्रमांक गोल फिरलेला असतो, एका फोटोत दोन-तीन अंक मिळतात आणि ते जोडून पूर्ण आकडा बनतो. मात्र त्यासाठी पक्ष्याच्या मागे धावू नका. तो तिथे पोट भरायला उतरला आहे. प्रत्येक उठवणीला त्याने साठवलेली थोडी चरबी खर्च होते.

प्र. ऊसतोडीच्या वेळी फडात पायात कडी असलेला मेलेला पक्षी सापडला. काही जण म्हणाले, हेरगिरीचा असेल, पोलिसांत द्या. काय करावं?
— एक शेतकरी, शिरोळ

उ. हेरगिरीचा काही संबंध नाही. आधी कडी नीट बघा. ती अखंड असेल, जोड कुठेच दिसत नसेल आणि तिच्यावर साल कोरलेलं असेल, तर तो बहुधा कोणाचं तरी शर्यतीचं कबूतर आहे. अशी कडी पिल्लू लहान असतानाच पायात चढवतात. रानपक्ष्याच्या कडीला दोन टोकं मिळाल्याची रेघ दिसते.

पक्षी उघड्या हाताने उचलू नका. हातात पिशवी घालून उलटापालटा करा, कडीवरचा प्रत्येक अंक टिपा, फोटो काढा आणि माहिती वर दिलेल्या पत्त्यावर कळवा. पक्षी ताजा मेलेला आहे की वाळलेला, तारेला अडकला की कुत्र्याने मारला, हेही लिहा. त्याशिवाय नोंद अर्धवट राहते. एकाच जागी अनेक पक्षी मेलेले दिसले, तर हात न लावता पशुसंवर्धन विभागाला कळवा.

प्र. ही केंद्रं किनाऱ्यावरच का, आणि शरदातच का? आपल्याकडे घाटमाथ्यावर का नाहीत?
— एक शिक्षिका, गडहिंग्लज

उ. बहुतेक छोटे पक्षी रात्री प्रवास करतात. पहाट झाली आणि खाली पाणी दिसलं की ते मागे वळतात आणि पहिली झुडपं दिसतील तिथे उतरतात. त्यामुळे किनाऱ्याच्या चिंचोळ्या पट्टीत पक्ष्यांची दाटी होते. स्वीडनमधलं फाल्स्टरबो, कॅनडात एरी सरोवराच्या काठी १९६० पासून चालणारं लाँग पॉइंट, अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर १९६९ मध्ये सुरू झालेलं मॅनोमेट, ही सगळी नामांकित केंद्रं जमीन संपते त्या टोकांवर आहेत. आपल्याकडे तमिळनाडूतलं पॉइंट कॅलिमिअर, म्हणजे कोडिकरै, तशाच टोकावर आहे आणि बीएनएचएसचं काम तिथे अनेक वर्षं चालत आलं आहे.

शरद अशासाठी की वीण नुकतीच संपलेली असते. त्या वर्षीची पिल्लं आणि त्यांचे आईबाप असे सगळेच प्रवासात असतात, म्हणजे वर्षातली सर्वात मोठी संख्या. शिवाय परतीच्या वसंतातल्या प्रवासात घाई असते, शरदात पक्षी थांबत-थांबत जातात. किनाऱ्यावरच्या जाळ्यांत पहिल्या वर्षाच्या पिल्लांचं प्रमाण आतल्या भागापेक्षा पुष्कळ जास्त भरतं. अनुभवी पक्षी वारा पाहून मार्ग सावरतात, नवखे वाहवत किनाऱ्याला लागतात, असं त्याचं एक स्पष्टीकरण दिलं जातं. म्हणून किनाऱ्यावर पिल्लं जास्त सापडली एवढ्यावरून ‘यंदा वीण चांगली झाली’ असं म्हणता येत नाही. त्याच केंद्राच्या मागच्या वर्षांशीच तुलना करावी लागते.

घाटमाथ्यावरूनही स्थलांतर होतं. पण तिथे पक्षी मोठ्या रुंदीत विखुरलेले असतात. अमूर ससाणा नागालँडमधून निघून द्वीपकल्प ओलांडतो आणि पुढे अरबी समुद्रावरून आफ्रिका गाठतो. तो माथ्यावर दिसला तरी कडीसाठी जाळीत धरण्यासारखा नसतो. तिथे मोजणीच उपयोगी.

प्र. सकाळपासून काम कसं चालतं ते पायरीपायरीने सांगाल का? जाळी कसली, किती वेळ लावतात?
— पक्षीनिरीक्षक मंडळाचे सदस्य, इचलकरंजी

उ. जाळीला मिस्ट नेट म्हणतात. बारीक काळ्या नायलॉन किंवा पॉलिस्टर धाग्याची, साधारण १२ मीटर लांब आणि अडीच मीटर उंच. तिच्यात पाच आडव्या दोऱ्या असतात आणि त्यांच्यामध्ये चार झोळ. पक्षी जाळीला धडकतो आणि खालच्या झोळात अलगद पडतो. म्हणून दोऱ्या ताठ हव्यात, पण जाळी सैल हवी. जाळीही ताणली तर झोळच तयार होत नाही आणि पक्षी आपटून परत उडतो.

जाळीच्या डोळ्याचा, म्हणजे विणीतल्या भोकाचा, आकार महत्त्वाचा. वटवट्यांसारख्या छोट्या पक्ष्यांना एका गाठीपासून पुढच्या गाठीपर्यंत सुमारे १६ मिलिमीटरचा डोळा लागतो. मागवताना इथे घोळ होतो : काही कारखाने डोळा ताणून मोजतात आणि त्याच जाळीला ३० किंवा ३२ मिलिमीटर म्हणतात. आकडा कोणत्या मापाचा ते आधी विचारून घ्या. डोळा मोठा झाला तर छोटा पक्षी खांद्यापर्यंत आत घुसतो आणि घट्ट अडकतो.

खांब म्हणून कोकणात चिवा बांबू सोयीचा. पेरं तासून गुळगुळीत करावी लागतात, नाहीतर जाळीचे फास सरकत नाहीत आणि धागा कुसळांना अडकतो. झुडपांतून मीटरभर रुंदीची वाट काढून तिच्यात जाळी लावतात. सर्वात खालचा झोळ पक्ष्याच्या वजनाने जमिनीला टेकता कामा नये. टेकला तर मुंग्या लागतात, आणि मुंग्यांनी पक्षी मरायला फार वेळ लागत नाही. मांजर, मुंगूस आणि सापही त्याच झोळाकडे येतात.

जाळ्या सूर्योदयाच्या साधारण अर्धा तास आधी उघडतात आणि पुढे सहा तास ठेवतात. दर अर्ध्या तासाने प्रत्येक जाळी बघायची असते. ऊन चढलं की दर १५ ते २० मिनिटांनी. ऑक्टोबरचा उकाडा धरला तर कोकणात सहा तास पुरे करणं अनेकदा शक्यच होत नाही. सकाळी मतलई वारे मंद असतात, जाळी स्थिर राहते. दुपारकडे खारे वारे सुटले की ती शिडासारखी फुगते, पक्ष्यांना दिसते, आणि जे सापडतात ते गुंतून बसतात. पावसात तर जाळी उघडीच ठेवायची नाही, कारण भिजलेला छोटा पक्षी मिनिटांत गारठतो.

आता त्या कामाचा खरा कणा. जाळ्या त्याच जागी, तेवढ्याच, तेवढेच तास, दर वर्षी त्याच तारखांना लावाव्या लागतात. एक १२ मीटरची जाळी एक तास उघडी, म्हणजे एक नेट-तास. १० जाळ्या ६ तास म्हणजे ६० नेट-तास. त्यात ४५ पक्षी आले तर १०० नेट-तासांना ७५ असा हिशोब मांडतात. वाऱ्यामुळे तीन जाळ्या दोन तास आधी बंद केल्या, तर ६ नेट-तास वजा होतात आणि ते त्याच वेळी वहीत लिहावं लागतं. संध्याकाळी आठवून लिहिलेल्या तासांवर भरवसा ठेवता येत नाही. झुडपांची उंचीही दर वर्षी छाटून तेवढीच ठेवावी लागते. रान जाळीच्या वर वाढलं तर पक्षी वरून निघून जातात आणि कागदावर मात्र ‘पक्षी घटले’ असं दिसतं. पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला जाळीकडे ओढलं, तर तो दिवस नेहमीच्या मोजणीत धरता येत नाही.

प्र. पण पक्ष्याला इजा होत नाही का? मला हे सगळं क्रूर वाटतं.
— एक गृहिणी, राजारामपुरी

उ. तुमची शंका रास्त आहे आणि हे काम करणाऱ्या प्रत्येकाच्या मनात ती रोज असायला हवी. प्रशिक्षित हातांत इजेचं प्रमाण फार कमी असतं, पण शून्य नसतं. ते कमी राहतं काही ठरावीक सवयींमुळे.

जाळीतून पक्षी काढताना तो कोणत्या बाजूने शिरला ते आधी बघायचं, कारण बाहेरही त्याच बाजूने निघतो. बहुतेक वेळा आधी पाय मोकळे करायचे, मग पंख, शेवटी डोकं. उलट केलं तर मोकळं झालेलं डोकं पुन्हा दुसऱ्या डोळ्यात जातं. बुलबुल, कस्तूर अशांच्या जिभेच्या मागच्या काट्यांत धागा अडकतो. तो ओढायचा नाही, बारीक काडीने वरून सोडवायचा. दोन-तीन मिनिटांत सुटत नसेल तर धागा कापायचा. जाळीचा धागा नंतर विणता येतो. कात्री गळ्यात नसलेल्या माणसाने जाळीजवळ जाऊच नये.

सर्वात धोक्याची वेळ म्हणजे ढगाळ रात्रीनंतरची सकाळ, जेव्हा एकदम लोंढा उतरतो. तेव्हा आधी रिकाम्या जाळ्या बंद करायच्या, मग भरलेल्यांतून पक्षी काढायचे. हात अपुरे पडले तर कडी न घालता सोडून द्यायचे. चोच उघडून धापा टाकणारा, डोळे मिटणारा किंवा पिसं फुगवून बसणारा पक्षी दिसला की माप-कडी काही नाही, सावलीत सोडायचा. फोटोसाठी पक्षी हातात धरून रांग लावणं ही आम्हाला या क्षेत्रातली सर्वात वाईट सवय वाटते. माप घेऊन झालं की पक्ष्याला धरून ठेवायला एकही कारण उरत नाही.

काढलेला पक्षी सुती पिशवीत ठेवतात. एका पिशवीत एकच, आणि पिशवीची शिवण बाहेरच्या बाजूला, म्हणजे सुटलेल्या दोऱ्यात नखं अडकत नाहीत. पिशव्या सावलीत खुंटीला टांगतात, जमिनीवर कधीच ठेवत नाहीत. रोज धुतात, कारण देवीसारखे रोग पिशवीतून पसरतात.

प्र. कडी घालताना आणि मोजताना काय बघतात? चरबी मोजतात म्हणजे काय?
— जीवशास्त्राचे प्राध्यापक, कागल

उ. पक्षी उजव्या हाताने काम करणाऱ्याच्या डाव्या तळव्यात पाठीवर असतो, मान तर्जनी आणि मधल्या बोटामध्ये सैल धरलेली. छाती दाबली जाता कामा नये, कारण पक्ष्याचा श्वास छातीच्या हालचालीवर चालतो. पायाच्या जाडीप्रमाणे कडीचा आकार ठरतो. खास पक्कडीने ती बंद करतात आणि दोन्ही टोकं बरोबर भिडली का ते उजेडात बघतात. फट राहिली तर तिच्यात गवताचा तंतू अडकतो. टोकं एकमेकांवर चढली तर पायाला जखम होते. बसलेली कडी पायावर वर-खाली सरकली आणि गोल फिरली पाहिजे, पण बोटांवरून किंवा सांध्यावरून निसटता कामा नये. समुद्रपक्षी आणि चिखलातल्या पाणपक्ष्यांना साधं ॲल्युमिनिअम चालत नाही. खारं पाणी आणि वाळू काही वर्षांत अंक पुसून टाकतात, म्हणून त्यांना स्टेनलेस स्टील किंवा कठीण मिश्रधातू.

कड्या क्रमाने ओवलेल्या येतात. एक कडी हातातून पडली आणि नोंदली नाही, तर पुढचे सगळे क्रमांक एकाने चुकतात. घालणाऱ्याने क्रमांक मोठ्याने वाचायचा, लिहिणाऱ्याने उलट म्हणून दाखवायचा, आणि दर दहा कड्यांनंतर ताळा जुळवायचा.

मग मिटलेल्या पंखाची लांबी मिलिमीटरमध्ये, टोकाला थांब (पंख टेकवायला उभा अडसर) असलेल्या पट्टीवर. ब्लिथचा बोरू वटवट्या आणि त्याच्या भाऊबंदांमध्ये तर कोणतं पीस किती लांब आणि कोणत्या पिसाला खाच आहे यावरूनच ओळख पटते. रंगावर जाऊन चालत नाही. चरबी बघायला गळ्याखालच्या दोन हाडांच्या मधल्या खळग्यावरची पिसं नळीने हलकी फुंकर घालून बाजूला करतात. कातडी पातळ असल्याने आत सरळ दिसतं : लालसर स्नायू आणि पिवळी चरबी. खळगा रिकामा तर ०, चरबीने सगळी छाती-पोट झाकलं तर ८, असं मोजमाप सर्रास वापरतात. पोटावरची चरबीही त्यातच धरतात. वजन शेवटी, ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर, पक्षी कागदी शंकूत डोकं खाली घालून. काट्याला वारा लागला तर आकडा नाचत राहतो, म्हणून आडोसा हवा. ८ ग्रॅमच्या पर्णवटवट्यात अर्ध्या ग्रॅमची चूकही मोठी ठरते. तोच पक्षी तीन दिवसांनी पुन्हा सापडला आणि वजन वाढलेलं निघालं, तर त्या झुडपांमध्ये त्याला खायला मिळतंय हे सिद्ध होतं. एखादी किनाऱ्याची पट्टी राखून ठेवा असं सांगताना यापेक्षा सबळ पुरावा मिळणं कठीण.

वयासाठी शरद हा सोपा काळ. पिल्लाची शेपटीची पिसं सगळी एकदम वाढलेली असतात, म्हणून त्यांच्यावरच्या वाढीच्या फिक्या-गडद रेघा एका ओळीत जुळतात. प्रौढाच्या सहसा जुळत नाहीत. डोक्याची पिसं ओली करून बाजूला केली तर पिल्लाच्या कवटीचा अजून पक्का न झालेला भाग गुलाबीसर दिसतो, पक्का झालेला पांढुरका आणि ठिपकेदार.

प्र. तुतवार, चिखल्या यांना रात्री धरतात असं वाचलं. का?
— एक वाचक, आजरा

उ. दिवसा मोकळ्या चिखलावर जाळी त्यांना दिसते. चांदण्यातही दिसते, म्हणून अमावस्येच्या आसपासच्या रात्री निवडतात. पण अमावस्येलाच उधाण असतं. भरतीचं पाणी भांगापेक्षा, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीपेक्षा, बरंच वर येतं आणि खालच्या झोळातला पक्षी बुडू शकतो. म्हणून त्या रात्रीची पाण्याची सर्वात वरची रेघ आधी दिवसा काठी रोवून पाहायची आणि खालची दोरी तिच्याही वर बांधायची. माणसं जाळ्यांपाशीच थांबतात, तंबूत बसून राहत नाहीत.

दुसरी गोष्ट लांब पायांची. शेकाट्यासारखे पक्षी पाय मुडपून पिशवीत फार वेळ राहिले तर त्यांच्या स्नायूंना कायमची इजा होते, सोडल्यावर उभंच राहता येत नाही. त्यांना उभं राहता येईल अशा कापडी कप्प्यांत ठेवायचं आणि त्यांची पाळी पहिली लावायची.

प्र. उपग्रहाचे टॅग असताना पत्र्याची कडी कशाला?
— एक अभियंता, ताराबाई पार्क

उ. वजनामुळे. टॅग पक्ष्याच्या वजनाच्या साधारण ३ टक्क्यांच्या आत असावा असा संकेत आहे. ८ ग्रॅमच्या पर्णवटवट्याला ०.२४ ग्रॅम होतात. उपग्रहाशी बोलणारं यंत्र तेवढ्यात बसत नाही. नागालँडमधल्या पांगतीजवळ २०१३ मध्ये अमूर ससाण्यांना टॅग लावले, कारण तो पक्षी तेवढा जड आहे. टॅग थोड्या पक्ष्यांचा पूर्ण मार्ग दाखवतो. कडी हजारो पक्ष्यांचं वय, आयुष्य आणि वर्षावर्षांतली घट-वाढ दाखवते. कडी घातलेल्या छोट्या पक्ष्यांपैकी दूर कुठे पुन्हा कळणारे शंभरात एकाहूनही कमी असतात, म्हणून तर रंकाळ्यावरच्या एका नोंदीला एवढी किंमत. १८९९ मध्ये डेन्मार्कच्या व्हिबोर्गमध्ये मॉर्टेन्सन नावाच्या शिक्षकाने ॲल्युमिनिअमच्या क्रमांकित कड्या घालायला सुरुवात केली, तीच पद्धत आजही चालू आहे.

प्र. आमच्या महाविद्यालयाला मालवणच्या बाजूला असं केंद्र सुरू करायचं आहे. जाळ्या ऑनलाइन मिळतात. परवानगी लागते का?
— निसर्ग मंडळ, कोल्हापूर

उ. लागते, आणि परवानगीआधी जाळी विकतही घेऊ नका. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या व्याख्येत पक्षी पकडणं, सापळ्यात धरणं हे शिकारीतच मोडतं. हेतू अभ्यासाचा असला तरी. शिक्षण आणि संशोधनासाठी कलम १२ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी मिळते. पहिल्या अनुसूचीतल्या पक्ष्यांसाठी केंद्र सरकारची पूर्वसंमतीही लागते. स्वतःच्या शेतात जाळी लावली तरी हेच लागू.

परवानगीपेक्षा अवघड आहे ते प्रशिक्षण. पुस्तक वाचून पक्षी जाळीतून काढता येत नाही. अनुभवी माणसाच्या शेजारी उभं राहून, आधी पिशव्या धरणं, मग वही लिहिणं, मग सोडवणं, शेवटी कडी, असाच क्रम असतो. चालू प्रकल्पात स्वयंसेवक म्हणून जा.

तोवर मंडळाने एक काम सुरू करावं, ज्याला परवानगी लागत नाही. किनाऱ्यावरची एक जागा ठरवा, गगनबावडा किंवा फोंडा घाटातून सोयीने पोचता येईल अशी. सप्टेंबरपासून नोव्हेंबरपर्यंत दर दुसऱ्या रविवारी, भरतीच्या आधीचे दोन तास, त्याच दगडावरून, तेवढ्याच माणसांनी पक्षी मोजा. जाताना भरतीचं वेळापत्रक बघा, कारण पाणी चढलं की चिखलावर पसरलेले थवे एका ठिकाणी गोळा होतात आणि मोजता येतात. वारा, ढग, पाण्याची उंची आणि निरीक्षक किती, हे दर वेळी लिहा. ज्या दिवशी काहीच दिसलं नाही, त्या दिवसाचं पानही भरा. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, तिच्यात रंकाळा आणि कळंबा याच पद्धतीने मोजता येतील.